गॅरी किल्डॉल

गॅरी आर्लेन किल्डॉल (जन्म : १९ मे १९४२, सिॲटल, वॉशिंग्टन, मृत्यू : ११ जुलै १९९४, मॉंटेरे, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, अध्यापक आणि उद्योजक होते. सूक्ष्मसंगणकांसाठी तयार झालेल्या पहिल्या यशस्वी संचालन प्रणालीचे, म्हणजे सीपी/एमचे, ते निर्माते होत. पीएल/एम ही संगणकभाषा त्यांनी रचली आणि डिजिटल रिसर्च ही कंपनी स्थापन केली. 'बायॉस' ही संज्ञा त्यांच्यामुळे रूढ झाली.

किल्डॉल यांचे नाव बहुधा १९८० साली आयबीएमशी न झालेल्या कराराच्या संदर्भात घेतले जाते. त्यांचे मूलभूत कार्य मात्र वेगळे आहे. संचालन प्रणालीचा यंत्रावर अवलंबून असलेला भाग आणि यंत्रनिरपेक्ष भाग यांच्यात त्यांनी स्पष्ट सीमारेषा आखली. त्यामुळे एकच आज्ञावली निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालू शकली. आजच्या संगणकांतील ड्रायव्हर आणि आभासी यंत्रे यांच्यामागेही हेच तत्त्व आहे.

बालपण आणि शिक्षण

किल्डॉल यांचा जन्म सिॲटल या बंदराच्या शहरात, नॉर्वेजियन वंशाच्या एका नाविक कुटुंबात झाला. त्यांच्या आजोबांनी तेथे नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा काढली होती व पुढे ती त्यांच्या वडिलांनी चालवली. जहाजावरील अधिकाऱ्यांना ताऱ्यांच्या साहाय्याने समुद्रातील स्थान काढण्याची विद्या तेथे शिकवली जाई. त्यासाठी त्रिकोणमितीची लांबलचक गणिते हाताने सोडवावी लागत. हँडल फिरवताच ही गणिते सोडवून देणारे एखादे यंत्र असावे, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. या इच्छेने किल्डॉल यांच्या आयुष्याला पुढे अनपेक्षित वळण दिले.

गणिताचा शिक्षक होण्याच्या हेतूने त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु तेथे संगणकाशी परिचय झाल्यावर त्यांचा ओढा त्या विषयाकडे वळला. १९७२ मध्ये त्यांनी याच विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. उच्चस्तरीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. कंपायलरने तयार केलेली आज्ञावली अधिक कार्यक्षम कशी करावी, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधातील पद्धत 'डेटा-फ्लो विश्लेषण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाखेचा पाया मानली जाते. ती आजही कंपायलरच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते.

मॉंटेरे येथील अध्यापन

सक्तीच्या लष्करी सेवेच्या काळात किल्डॉल यांना नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापनाची नेमणूक मिळाली. हे विद्यालय कॅलिफोर्नियातील मॉंटेरे या समुद्रकाठच्या गावी आहे. सेवेची मुदत संपल्यानंतरही त्यांनी तेथील अध्यापन काही वर्षे सुरू ठेवले. जवळच्या पॅसिफिक ग्रोव्ह या गावी ते पत्नी डोरोथी व मुलांसह राहत असत.

विद्यालयात आयबीएमचा सिस्टिम/३६०, मॉडेल ६७ हा मोठा संगणक होता. त्यावर चालणारी सीपी/सीएमएस ही प्रणाली आभासी यंत्राच्या कल्पनेवर उभी होती. या प्रणालीतील नियंत्रक आज्ञावली एकाच संगणकाची साधने अनेकांत वाटून देई. तरीही प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण संगणक आपल्याच ताब्यात असल्याचा अनुभव येई. वापरकर्त्याच्या वाट्याला आलेल्या डिस्कना तेथे ए, बी अशी अक्षरे दिली जात. डिस्कना अक्षराने ओळखण्याची हीच पद्धत पुढे सीपी/एममध्ये दिसते.

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. एका लहानशा चिपवर संगणकाचा मध्यवर्ती भाग मिळतो हे कळताच किल्डॉल यांना वडिलांच्या यंत्राची आठवण झाली. नौकानयनाच्या गणितांसाठी लागणारी त्रिकोणमितीय फले त्यांनी या चिपसाठी लिहावयास घेतली. मात्र आज्ञावली चालवून पाहण्यासाठी त्यांच्याजवळ चिप बसवलेला संगणक नव्हता. म्हणून त्यांनी विद्यालयाच्या मोठ्या संगणकावर ४००४ ची हुबेहूब नक्कल करणारा सिम्युलेटर तयार केला. अशा रीतीने प्रत्यक्ष यंत्र हाती येण्यापूर्वी त्यासाठीची आज्ञावली त्यांनी आभासी स्वरूपातील यंत्रावर तपासून पाहिली.

इंटेल आणि पीएल/एम

या कामामुळे किल्डॉल यांचा इंटेलशी संबंध आला आणि ते कंपनीचे अर्धवेळ सल्लागार झाले. मोबदल्यादाखल त्यांना मायक्रोप्रोसेसरवर आधारलेली यंत्रसामग्री मिळाली. ती त्यांनी विद्यालयात विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध करून दिली. इंटेलच्या ८००८ व ८०८० या चिपांसाठीही त्यांनी सिम्युलेटर लिहिले.

त्या काळी मायक्रोप्रोसेसरसाठीच्या आज्ञावल्या यंत्राच्या अगदी निकटच्या भाषेत लिहाव्या लागत. हे काम वेळखाऊ होते आणि त्यात चुका शोधणे कठीण जाई. किल्डॉल यांनी १९७३ च्या सुमारास पीएल/एम ही उच्चस्तरीय भाषा रचली. मायक्रोप्रोसेसरसाठी तयार झालेल्या आरंभीच्या उच्चस्तरीय भाषांपैकी ती एक होय. तिचा कंपायलर मोठ्या संगणकावर चालत असे व त्यातून लहान चिपसाठीची यंत्रभाषा तयार होई.

सीपी/एमचा जन्म

लहान संगणकावरच आज्ञावल्या लिहिता याव्यात, तर माहिती साठवण्यासाठी जलद आणि स्वस्त साधन हवे होते. कागदी फितीवरून माहिती वाचण्यास फार वेळ लागे. १९७० च्या दशकाच्या आरंभी आठ इंच व्यासाच्या फ्लॉपी डिस्क उपलब्ध झाल्या. अशा एका डिस्कवर ७७ वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर २६ खंड व प्रत्येक खंडात १२८ बाइट, म्हणजे एकूण सुमारे अडीच लाख बाइट मावत. शुगार्ट या कंपनीकडून किल्डॉल यांना चाचण्यांत वापरला गेलेला एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. परंतु ड्राइव्ह आणि संगणक यांना जोडणारे मंडल, म्हणजे कंट्रोलर, त्यांना स्वतःला साधेना. ते काम वॉशिंग्टन विद्यापीठातील त्यांचे मित्र जॉन टोरोडी यांनी पूर्ण केले.

१९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथे ही जोडणी यशस्वी झाली. फ्लॉपीवरील फाइलींची नोंद ठेवणारी, त्या वाचणारी, लिहिणारी आणि वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारणारी छोटी प्रणाली किल्डॉल यांनी पीएल/एम भाषेत लिहिली होती. तिला त्यांनी सीपी/एम हे नाव दिले. इंटेलने पीएल/एम भाषेत रस दाखवला; परंतु सीपी/एम विकण्यात तिला रस नव्हता. त्यामुळे किल्डॉल पती-पत्नींनी ती स्वतःच विकण्याचे ठरवले. त्यासाठी त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे आरंभीचे नाव 'इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च' असे होते. पुढे तेच संक्षिप्त होऊन 'डिजिटल रिसर्च' झाले. कंपनीचा व्यवहार डोरोथी पाहत असत.

बायॉसची कल्पना

सीपी/एमच्या पहिल्या काही ग्राहकांत ओमरॉन ही कंपनी आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा यांचा समावेश होता. प्रत्येकाची यंत्रसामग्री वेगळी आणि फ्लॉपीचा कंट्रोलरही वेगळा होता. त्यामुळे प्रत्येक ग्राहकासाठी प्रणालीचा काही भाग पुन्हा लिहावा लागे. आयएमएसएआय ही संगणक बनवणारी कंपनी परवाना मागण्यास आली, तेव्हा हे काम किती वाढत जाणार याची कल्पना आली. या कंपनीने परवान्यासाठी २५,००० डॉलर दिले.

यावर किल्डॉल यांनी काढलेला उपाय त्यांच्या कार्यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरला. त्यांनी सीपी/एमचे तीन भाग केले. वापरकर्त्याने टंकलिखित केलेल्या आज्ञांचा अर्थ लावणारा सीसीपी हा पहिला भाग. फाइलींची सर्व व्यवस्था पाहणारा बीडीओएस हा दुसरा. प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा बायॉस हा तिसरा. पहिले दोन भाग सर्व संगणकांवर सारखेच राहत. केवळ बायॉस प्रत्येक यंत्रासाठी नव्याने लिहावा लागे आणि तोही संगणक बनवणाऱ्या कंपनीला स्वतःला लिहिता येई.

हे शक्य व्हावे म्हणून बायॉसच्या आरंभी उपकार्यांची ठरावीक क्रमाने मांडलेली एक सारणी असे. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत अशी १७ उपकार्ये होती. त्यांत प्रणाली सुरू करणे, कळफलकावरील अक्षर घेणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, प्रिंटरकडे अक्षर पाठवणे, डिस्क निवडणे, मार्ग व खंड ठरवणे, तो खंड वाचणे किंवा लिहिणे अशी मोजकी कामे येत. बीडीओएसला डिस्कचा कंट्रोलर कोणत्या कंपनीचा आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती. सारणीतील अमुक क्रमांकाचे काम कर, एवढेच त्याला सांगावे लागे. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत डिस्कची क्षमता व रचना यांची माहितीही बायॉसमधील तक्त्यांत ठेवण्यात आली. त्यामुळे निरनिराळ्या क्षमतेच्या डिस्क बीडीओएसला हात न लावता वापरता येऊ लागल्या.

आजच्या संचालन प्रणालींत प्रिंटर, ध्वनी, चित्रपडदा किंवा नेटवर्क अशा प्रत्येक साधनासाठी स्वतंत्र ड्रायव्हर असतो. प्रणालीच्या गाभ्याने ठरवून दिलेल्या सेवा पुरवणे आणि त्या साधनाच्या खाचाखोचा स्वतःपाशी ठेवणे, हे ड्रायव्हरचे काम. बायॉसने तेच काम अत्यंत साध्या रूपात केले.

या रचनेला मर्यादाही होत्या. ८०८० चिपमध्ये संचालन प्रणालीला सामान्य आज्ञावलीपासून संरक्षण देणारी कोणतीही सोय नव्हती. सदोष आज्ञावली स्मृतीतील बायॉसवरच काहीतरी लिहून संपूर्ण संगणक बंद पाडू शके. तसेच वेग वाढवण्यासाठी एखादी आज्ञावली बायॉसला वगळून थेट यंत्राशी बोलू लागली, तर ती इतर संगणकांवर चालेनाशी होई. सीमारेषा आखली होती; ती पाळणे मात्र आज्ञावली लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून होते. गाभ्याला सामान्य आज्ञावल्यांपासून वेगळे राखण्याची सोय चिपमध्येच पुरवणारे मायक्रोप्रोसेसर नंतरच्या काळात प्रचारात आले.

प्रसार

बायॉसमुळे सीपी/एम झपाट्याने पसरली. नवा संगणक बाजारात आणणाऱ्या कंपनीने बायॉस लिहिला, की तयार आज्ञावल्यांचा संपूर्ण संग्रह तिच्या ग्राहकांना उपलब्ध होई. लेखनासाठीची वर्डस्टार आणि माहितीच्या व्यवस्थापनासाठीची डीबेस-२ या लोकप्रिय आज्ञावल्या सीपी/एमवर वाढल्या. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपल-२ संगणकात बसवण्यासाठी एक कार्ड विकावयास आणले. त्यावर झेड-८० ही चिप होती आणि कार्ड घेण्यामागील मुख्य हेतू सीपी/एम वापरता यावी हाच असे. १९८१ च्या सुमारास सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या संगणकांवर चालत होती आणि डिजिटल रिसर्चचे वार्षिक उत्पन्न ५४ लाख डॉलरवर पोहोचले होते.

त्यापूर्वी संगणक व त्यावरील आज्ञावल्या बहुधा एकाच कंपनीकडून घ्याव्या लागत. सीपी/एममुळे यंत्र एकाचे, संचालन प्रणाली दुसऱ्याची आणि आज्ञावली तिसऱ्याची, अशी बाजारपेठ लहान संगणकांच्या क्षेत्रात उभी राहिली.

आयबीएम प्रकरण

१९८० मध्ये आयबीएमने वैयक्तिक संगणक तयार करण्याचे ठरवले आणि त्यासाठी संचालन प्रणालीचा शोध सुरू केला. कंपनीचे प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्ह येथे आले, त्या दिवशी सकाळी किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन एका ग्राहकाकडे कामानिमित्त गेले होते. आयबीएमने पुढे केलेला गोपनीयतेचा करार एकतर्फी असल्यामुळे डोरोथी आणि कंपनीचे वकील तो स्वीकारण्यास कचरले. दुपारनंतर काय घडले याविषयी उपस्थितांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत. किल्डॉल विमानविहारात रमल्यामुळे संधी हुकली ही कथा पुढे फार पसरली. ती या घटनाक्रमाचे अतिसुलभ आणि अन्यायकारक रूप आहे.

बोलणी फळाला आली नाहीत. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे वळली. मायक्रोसॉफ्टने सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली ८६-डॉस ही प्रणाली घेतली. सीपी/एमसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या सहज रूपांतरित करता याव्यात म्हणून पॅटरसन यांनी बीडीओएसच्या सेवांची मांडणी बऱ्याच अंशी तशीच ठेवली होती. हीच प्रणाली पीसी-डॉस व एमएस-डॉस या नावांनी प्रसिद्ध झाली.

हे साम्य किल्डॉल यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी कायदेशीर कारवाईचा विचार केला. परंतु त्या काळी संगणकाच्या आज्ञावलीवरील स्वामित्वहक्काचा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता. अखेरीस, दावा न करण्याच्या मोबदल्यात सीपी/एम-८६ ही आवृत्ती आपल्या संगणकासोबत विकण्याचे आयबीएमने मान्य केले. प्रत्यक्ष विक्रीत पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर, तर सीपी/एम-८६ ची २४० डॉलर होती. ग्राहकांनी स्वस्त पर्याय निवडला आणि डिजिटल रिसर्चचे वर्चस्व ओसरले.

किल्डॉल यांच्या रचनेचेच तर्कशास्त्र या घटनेत त्यांच्या विरुद्ध गेले, असेही म्हणता येईल. प्रणालीच्या सेवा मोजक्या आणि नेमक्या शब्दांत ठरवून दिल्या, की त्या सेवांच्या खालचे यंत्र बदलता येते. त्याच न्यायाने त्या सेवा पुरवणारी मूळ प्रणालीही दुसऱ्या कोणाला बदलता येते.

नंतरचे कार्य

डिजिटल रिसर्चने १९७९ मध्ये एमपी/एम ही एकाच वेळी अनेकांना वापरता येणारी प्रणाली काढली. त्यानंतर एका वापरकर्त्याला अनेक आज्ञावल्या एकत्र चालवता याव्यात यासाठी कॉन्करंट सीपी/एम व कॉन्करंट डॉस या प्रणाली आल्या. १९८७ च्या कॉन्करंट डॉस ३८६ या आवृत्तीने इंटेलच्या ८०३८६ चिपमधील एका विशेष सोयीचा उपयोग करून घेतला. ही चिप आपल्यातच अनेक आभासी ८०८६ यंत्रे निर्माण करू शके. त्यामुळे डॉससाठी लिहिलेली प्रत्येक आज्ञावली आपापल्या आभासी यंत्रात चाले आणि यंत्र आपल्या एकटीच्या ताब्यात आहे असे तिला वाटे. मॉंटेरेच्या मोठ्या संगणकावर जे तत्त्व वापरात होते, ते आता टेबलावरील संगणकावर उतरले.

१९८५ मध्ये डिजिटल रिसर्चने चित्रे आणि माउस यांवर चालणारे जेम हे वातावरण बाजारात आणले. ॲपलच्या आक्षेपामुळे आयबीएम-सुसंगत संगणकांवरील जेममध्ये बदल करावे लागले. अटारी एसटी या संगणकावर मात्र ते मूळ रूपात टिकले. १९८८ मध्ये डीआर-डॉस ही एमएस-डॉसला पर्याय ठरणारी प्रणाली आली. ज्या प्रणालीची मांडणी सीपी/एमवरून घेतली होती, तिच्याशीच सुसंगत अशी प्रणाली काढण्याची वेळ सीपी/एमच्या निर्मात्यांवर आली. १९९१ मध्ये नॉव्हेल या कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली.

किल्डॉल यांचे स्वतःचे लक्ष दरम्यान इतर विषयांकडेही वळले होते. मुलांना संगणकाचे विचारपूर्वक शिक्षण मिळावे यासाठी लोगो या भाषेचा त्यांनी पुरस्कार केला. टॉम रोलँडर यांच्यासह १९८४ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हेंचर ही कंपनी स्थापन केली. पुढे तिचे नाव नॉलेजसेट झाले. या कंपनीने ग्रोलियर विश्वकोशाचा मजकूर १९८५ मध्ये सीडी-रॉमवर आणला. सर्वसामान्य वाचकासाठी या तबकडीचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी तो एक होता.

१९८० च्या दशकात 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे ते स्टुअर्ट शिफे यांच्यासह सूत्रसंचालन करीत. स्पर्धक कंपन्यांची उत्पादनेही ते समजूतदारपणे आणि सोप्या भाषेत उलगडून दाखवत. व्यवसायापेक्षा अध्यापनाकडे असलेला त्यांचा कल या कार्यक्रमात स्पष्ट दिसे.

व्यक्तिगत जीवन आणि मृत्यू

किल्डॉल यांना विमाने, नौका व वेगवान मोटारी यांची आवड होती. डोरोथी यांच्यापासून त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. १९८० च्या दशकात हे दांपत्य विभक्त झाले. डिजिटल रिसर्च विकल्यानंतर ते टेक्सासमधील ऑस्टिन शहराजवळ राहावयास गेले. एमएस-डॉसचे श्रेय आणि आयबीएम प्रकरणाची विपर्यस्त कथा यांचा सल त्यांना अखेरपर्यंत राहिला. १९९३ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या व हस्तलिखिताच्या प्रती निकटवर्तीयांना दिल्या.

जुलै १९९४ मध्ये मॉंटेरे येथे डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. त्यांचे दफन सिॲटल येथे करण्यात आले.

वारसा

मृत्यूनंतर १९९५ मध्ये अमेरिकेतील सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या संघटनेने त्यांच्या कार्याचा गौरव केला. एप्रिल २०१४ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने पॅसिफिक ग्रोव्ह येथील डिजिटल रिसर्चच्या जुन्या इमारतीपाशी स्मृतिफलक बसवला. त्यांच्या हस्तलिखित आठवणींचा काही भाग कुटुंबीयांच्या संमतीने संगणक इतिहास संग्रहालयाने २०१६ मध्ये खुला केला.

विंडोज प्रणालीत आजही हार्ड डिस्क 'सी' या अक्षराने ओळखली जाते. फाइलीच्या नावात आठ अक्षरे, टिंब आणि प्रकार दाखवणारी तीन अक्षरे ही डॉसमधील मांडणीही सीपी/एमचीच देणगी आहे. 'बायॉस' हा शब्द आयबीएमच्या संगणकाने स्वीकारला. संगणक सुरू करताना प्रथम जागी होणारी आज्ञावली या अर्थाने तो सर्वतोमुखी झाला.

आजचा वापरकर्ता एका संगणकावर आभासी यंत्र उभारून त्यात दुसरी संचालन प्रणाली चालवतो, तेव्हा आतल्या प्रणालीला डिस्क, पडदा व नेटवर्क यांची आभासी रूपे दाखवली जातात. योग्य ड्रायव्हर मिळाला, की ती प्रणाली निर्वेध चालते. ड्रायव्हर जुळला नाही, तर सारे अडते. सीपी/एम हौशी अभ्यासकांकडून अजूनही अशाच रीतीने चालवली जाते. नव्या यंत्रावर किंवा यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर तिला आणावयाचे, तर बायॉसच्या सारणीतील १७ उपकार्ये पुन्हा लिहिली की पुरते. बीडीओएस आणि सीसीपी किल्डॉल यांच्या काळात होते तसेच राहतात.